स्वभावाला औषध

आमच्या मोहल्ल्यात आजाराचे दोनच प्रकार मानतात. एक अंगातला आणि दुसरा बाहेरचा. अंगातल्याला सिव्हिल हॉस्पिटल, बाहेरच्याला आमिल. ताप, मधुमेह, मुतखडा हे पहिल्यात. रात्री किंचाळत उठणे, भिंतीकडे बघत बसणे, घरच्यांना न ओळखणे हे दुसऱ्यात. तिसराही एक प्रकार असतो, पण त्याला कुणी आजार म्हणत नाही, स्वभाव म्हणतात. "लडकी का मिजाज तेज है," एवढ्यावर विषय संपतो. आणि स्वभावाला औषध नसते, ही म्हण आमच्या गल्लीत जितकी चालते तितकीच शेजारच्या मराठा आणि लिंगायत घरांतही चालते.

आमची थोरली मुलगी या तिसऱ्या प्रकारातली. आम्ही म्हणजे तिचे अब्बा आणि अम्मी. एक जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळेतून निवृत्त झालेला शिक्षक आणि एक घरी शिलाईकाम करणारी. हा मजकूर आम्ही दोघांनी मिळून लिहिला आहे. तिने तो वाचला, दोन ठिकाणी खोडला आणि मगच पाठवू दिला.

तिच्या आजाराचे नाव बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर. मराठीत व्यक्तिमत्त्व विकार म्हणतात. हे वेड नव्हे. अशी माणसे पत्ता नीट सांगतात, हिशेब करतात, परीक्षेत पहिला वर्गही मिळवतात. बिघाड असतो तो माणसामाणसांतल्या नात्यात आणि स्वतःकडे बघण्याच्या नजरेत. बॉर्डरलाइन प्रकारात तर भावना अंगाला भाजल्यासारख्या लागतात. सकाळी जी मैत्रीण जीव की प्राण असते, तिने संध्याकाळी फोन उचलला नाही की ती दुष्मन ठरते. आपल्याला सगळे सोडून जातील ही धास्ती कायमची. आतून पोकळ वाटते, आणि ते पोकळपण सोसेनासे झाले की माणूस स्वतःच्याच शरीराला इजा करतो. उन्हाळ्यातही आमची मुलगी पूर्ण बाह्यांचे कपडे घाली. पाहुण्यांना ते परद्याचे वळण वाटे आणि ते कौतुक करीत. आम्हाला कारण माहीत होते.

वरची म्हण एका अर्थाने खरी आहे, हे आम्हाला फार उशिरा कळले. या आजाराची अशी गोळी नाही. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने 2009 साली मार्गदर्शक सूचना काढल्या. बॉर्डरलाइनसाठी म्हणून खास औषधे देऊ नयेत, सोबत नैराश्यासारखा दुसरा आजार असेल तर त्याचे औषध द्यावे, असे त्यात आहे. मुख्य औषध म्हणजे थेरपी, म्हणजे शिकलेल्या माणसाबरोबर ठरवून, वर्ष-दीड वर्ष केलेले बोलणे आणि सराव. मग प्रश्न उरतो तो हे औषध कुठे घ्यायचे. घरी राहून आठवड्याला जायचे, की घर सोडून तिथेच राहायचे? या प्रश्नाने आमची तीन वर्षे खाल्ली.

'राहून उपचार' म्हटले की आपल्या लोकांच्या डोळ्यांपुढे पहिल्यांदा दर्गा येतो. बुलढाणा जिल्ह्यातील सैलानीला चाळीस-चाळीस दिवस मुक्काम केलेली माणसे आमच्याच नात्यात आहेत. त्यांना तिथे काहीच मिळाले नाही असे आम्ही म्हणणार नाही. घरात ज्याला सगळे टाळतात त्याला तिथे निदान कुणी टाळत नाही. पण या मुक्कामाची दुसरी बाजूही आपणच सांगितली पाहिजे. 6 ऑगस्ट 2001 रोजी तामिळनाडूत रामनाथपुरम जिल्ह्यातील एरवाडी येथे दर्ग्याजवळच्या एका खासगी आश्रमाला आग लागली आणि 28 मनोरुग्ण मेले. ते पळू शकले नाहीत, कारण त्यांना साखळ्या होत्या. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने कुणालाही साखळदंडाने बांधण्याला साफ मनाई केली. हा कायदा 29 मे 2018 पासून लागू आहे. गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यातील उनावा येथे मीरा दातार दर्ग्यात 'दवा-दुआ' नावाचा उपक्रम झाला. मुजावर दुआ करीत आणि तिथेच बसलेल्या डॉक्टरांकडे रुग्णाला पाठवीत. आम्हाला हे शहाणपणाचे वाटते. तसे पाहिले तर कैरोत सुलतान कलावूनने 1284 मध्ये बांधलेल्या बीमारिस्तानात मनोरुग्णांसाठी वेगळी जागा होती, आणि घरून येऊन औषध घेऊन जाणाऱ्यांचीही सोय होती. आपल्या वारशातले हे पान आमिलांना कुणी वाचून दाखवावे.

आम्ही सुरुवात घरूनच केली. सिव्हिलच्या ओपीडीत डॉक्टर चांगले होते, पण बाहेर बाकड्यावर साठ माणसे. पाच मिनिटे बोलणे, चिठ्ठी, पुढची तारीख. त्यांनीच मोकळेपणाने सांगितले, "हिला गोळ्यांपेक्षा थेरपी लागेल, आणि ती माझ्या हातून या गर्दीत होणार नाही." मग पुण्याच्या एक थेरपिस्टबाई मिळाल्या. दर गुरुवारी कोयना एक्स्प्रेसने मिरजेहून जायचे आणि रात्रीच्या महालक्ष्मीने परतायचे. पहाटे घरी पोचलो की आमच्यापैकी एकीला मशीनवर बसायचे असे. सत्राचे पैसे आणि भाडे मिळून महिन्याला जे होई ते पेन्शनच्या तिसऱ्या हिश्शाएवढे होते.

बाई वापरत त्या पद्धतीचे नाव डीबीटी, म्हणजे डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी. अमेरिकेतील मार्शा लिनेहान यांनी ती बसवली. 1991 मध्ये तिची पहिली मोठी तपासणी छापून आली: वर्षभर ही थेरपी घेतलेल्या स्त्रियांनी स्वतःला इजा करण्याचे प्रकार कमी झाले आणि त्यांचे रुग्णालयात भरतीचे दिवसही घटले. ही पद्धत मुळात घरी राहणाऱ्यांसाठीच आहे. आठवड्यातून एकदा एकट्याशी बोलणे, एकदा गटात बसून कौशल्ये शिकणे, अडीअडचणीला थेरपिस्टला फोन करण्याची मुभा, आणि थेरपिस्टांनी आपापसांत बसून एकमेकांना सावरणे, असे चार भाग. आम्हाला मिळाला तो पहिला आणि अर्धामुर्धा तिसरा. गट पुण्यात शनिवारी भरे. शनिवारी पुन्हा पुणे गाठण्याची आमची ऐपत नव्हती.

लिनेहान यांची एक गोष्ट या निमित्ताने सांगितली पाहिजे. 1961 मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, त्या स्वतः कनेक्टिकटमधील एका मनोरुग्णालयात दाखल झाल्या होत्या. सव्वीस महिने तिथे होत्या, त्यातला बराच काळ एकांत कोठडीत. स्वतःला इजा करण्याचा तोच आजार. हे त्यांनी जगाला सांगितले 2011 मध्ये, त्याच संस्थेच्या आवारात उभे राहून. बाहेरून उपचार घेण्याची जगातली सर्वांत नावाजलेली पद्धत ज्या बाईने बनवली, तिने आतल्या उपचारांची दोन वर्षे अंगावर काढली होती. आमच्या मुलीला ही गोष्ट थेरपिस्टबाईंनी सांगितली तेव्हा ती गाडीत मिरजेपर्यंत काही बोलली नाही. घरी आल्यावर म्हणाली, "म्हणजे अशी माणसं मोठी पण होतात."

आठवड्यात 168 तास असतात. बाईंच्या खोलीत जायचा तो एक. उरलेले 167 आमच्या दोन खोल्यांच्या घरात. जिथे दादी आजारी, धाकटा भाऊ बेकार, आणि भिंतीपलीकडच्यांना खोकलासुद्धा ऐकू जातो. दीड वर्ष कसेबसे गेले. 2022 च्या डिसेंबरात एका रात्री तिने जीव द्यायचा प्रयत्न केला. कसा, ते लिहीत नाही. ती वाचली. दवाखान्याच्या दारात पहिला प्रश्न आमच्या एका नातेवाइकाने विचारला तो पोलीस केसचा. तेव्हा कलम 309 पुस्तकात होते, पण 2017 च्या कायद्याने असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असेच धरायला सांगितले होते. 1 जुलै 2024 पासून आलेल्या नव्या न्याय संहितेत तर आत्महत्येच्या प्रयत्नाचा तो सर्वसाधारण गुन्हा राहिलाच नाही. हे आपल्या घराघरांत माहीत असायला हवे, कारण केसच्या भीतीने माणसे पेशंटला दवाखान्यात नेत नाहीत.

त्यानंतर घरात पंचायत बसली. फुफी म्हणाली, "निकाह कर डालो, सब बराबर होता." मामूंचे म्हणणे, जवान लडकी महिनोन्‌महिने बाहेर ठेवली तर पुढे कोण विचारणार. डॉक्टर मात्र निवासी केंद्राचे नाव काढीत होते. थेरपिस्टबाईंचे मत वेगळे. त्या म्हणाल्या, या आजारात लांबलचक भरतीने कधीकधी उलटे होते. माणूस जगण्याचे सगळे निर्णय दुसऱ्यावर सोडायला शिकतो, आणि ज्या घरात भांडण होते तिथे भांडण निभावायचे राहूनच जाते.

आमचा एक भाचा तेव्हा एमबीबीएसला होता. त्याने इंग्रजीतले निबंध छापून आणले आणि आठवडाभर रात्री समजावून सांगितले. त्यातले जे आमच्या डोक्यात राहिले ते असे.

लंडनच्या कॅसल हॉस्पिटलमध्ये व्यक्तिमत्त्व विकारांवर राहून उपचार होत. तिथल्या किएसा आणि फोनागी यांनी 2000 साली दोन तऱ्हांची तुलना छापली. एका गटाला अकरा ते सोळा महिने आत ठेवले आणि मग निरोप दिला. दुसऱ्याला फक्त सहा महिने आत ठेवले, पण बाहेर पडल्यावर वर्ष-दीड वर्ष गटथेरपी आणि सुरुवातीला घरी येणारी नर्स दिली. कमी दिवस आत राहिलेला गट जास्त सुधारला. पुढे काही वर्षांनी पाहिले तरी फरक तसाच होता. आमच्या भाच्याने या ठिकाणी पेन्सिलने तीन रेघा ओढल्या होत्या.

त्याच फोनागींनी बेटमन यांच्याबरोबर 1999 मध्ये आणखी एक प्रयोग छापला. त्यात रुग्ण सकाळी येत आणि संध्याकाळी घरी जात, दीड वर्षापर्यंत. म्हणजे अर्धे आत, अर्धे बाहेर. नेहमीच्या उपचारांपेक्षा त्याचा गुण उघड दिसला. 2009 मध्ये त्यांनी तीच थेरपी नुसत्या ओपीडीत 134 जणांवर करून पाहिली, आणि तिथेही ती लागू पडली. नेदरलँडमध्ये तर दिवसभराचा दवाखाना आणि भरघोस ओपीडी अशी सरळ लढत लावली. 2020 मध्ये आलेल्या त्या निकालात दोन्हीकडचे लोक सुधारले, दिवसभराच्या दवाखान्याने मुख्य कसोटीवर बाजी मारली नाही.

पण एवढ्यावरून 'घरूनच बरे' असे म्हणायला आम्ही तयार नाही. त्याच देशातला 2010 चा दुसरा अभ्यास भित्र्या, टाळणाऱ्या, दुसऱ्यावर टेकून जगणाऱ्या प्रकारच्या लोकांवर होता. त्यांना सहा महिन्यांपर्यंतचा राहून केलेला उपचार सर्वांत जास्त मानवला. हे आम्हाला पटते, कारण ओळखीतला एक मुलगा चार वर्षे खोलीबाहेर आलेला नाही. त्याला कुणी ओपीडीची तारीख देऊन काय होणार? तो गल्लीच्या तोंडापर्यंत येत नाही. शिवाय या सगळ्या अभ्यासांतली ओपीडी म्हणजे आठवड्याला दोन-तीन वेळा, शिकलेल्या चमूसकट. आमची ओपीडी म्हणजे कोयना एक्स्प्रेस.

शेवटी ठरवले तिनेच. कायद्याने सज्ञान माणूस स्वतःच्या सहीने दाखल होऊ शकतो आणि स्वतःच्या इच्छेने बाहेरही पडू शकतो. हे समजल्यावर ती तयार झाली. "दार आतून उघडतं ना, मग जाते," असे म्हणाली. तिच्या लग्नासाठी ठेवलेल्या दोन पाटल्या विकल्या. विमा कंपनीने दवाखान्यातले दिवस मंजूर केले, निवासी केंद्राचे नाही. मोहल्ल्यात विचारणाऱ्यांना आम्ही 'दवाखान्यात आहे' एवढेच सांगितले. कशाचा दवाखाना, हे कुणी विचारले नाही. सगळ्यांना बहुधा टीबी वाटला असावा.

फेब्रुवारी 2023 ते जून, असे चार महिने ती तिथे होती. केंद्राचे नाव सांगत नाही. प्राधिकरणाकडची नोंदणी पाहून घेतली होती. वीस-बावीस माणसे. त्यांत दारू सोडवायला आलेले होते, स्किझोफ्रेनियाचे होते, आणि तिच्यासारख्या दोघी. ही सरमिसळ आम्हाला खटकली आणि अजून खटकते. व्यक्तिमत्त्व विकारासाठी म्हणून वेगळी निवासी सोय आम्हाला परवडेल अशी कुठे सापडली नाही. पहिले दोन आठवडे ती रोज निघून येतो म्हणाली. मग सकाळची बैठक, स्वयंपाकाची पाळी, दुपारचा गट, रात्री दहाला दिवे बंद, या चाकोरीत झोप लागायला लागली. चार वर्षांत प्रथमच सलग सहा तास झोप. स्वयंपाकघरात तिचे एका साताऱ्याच्या ताईंशी भाजीवरून कडाक्याचे भांडण झाले, आणि संध्याकाळच्या गटात दोघींना समोरासमोर बसून त्यावर बोलावे लागले. आमच्या घरात अशा भांडणानंतर दार आपटून तीन दिवसांचा अबोला होत असे. तिथे सोडून जायला जागाच नव्हती, आणि सोडून कुणी गेलेही नाही. हे जे घडले ते आठवड्याच्या एका तासात घडले नसते, असे आम्हाला प्रामाणिकपणे वाटते.

मार्चमध्ये रमजान सुरू झाला. आजाऱ्याला रोजाची सक्ती नाही, हे आम्ही सांगितले, पण तिला धरायचे होते. डॉक्टरांनी गोळ्यांच्या वेळा इफ्तार आणि सेहरीला जुळवून दिल्या. अडचण आली ती स्वयंपाकघराच्या कुलुपाची. सुऱ्या असतात म्हणून रात्री ते बंद ठेवायचा नियम. तिने गटात विषय काढला आणि तिथल्या लोकांनी हात वर करून ठरवले की पहाटे चारला कुलूप उघडायचे आणि पाळीपाळीने कुणीतरी तिच्याबरोबर बसायचे. पहिल्या दिवशी बसल्या त्या साताऱ्याच्या ताई. आम्हाला नंतर कळले की इंग्लंडमध्ये हेंडरसन हॉस्पिटल नावाच्या जागी हीच रीत होती. 1947 साली सुरू झालेल्या त्या केंद्रात मॅक्सवेल जोन्स या डॉक्टरांनी रुग्णांच्याच हातात कारभार दिला. कुणाला घ्यायचे, कुणाला काढायचे, यावर रुग्ण मत देत. ते 2008 मध्ये बंद पडले.

जूनमध्ये ती घरी आली. निघताना केंद्राने हातात जो कागद दिला त्यावर गोळ्यांची नावे होती, पुढे काय करायचे ते नव्हते. कॅसलच्या त्या पहिल्या गटाला असाच निरोप मिळत असणार. तिसऱ्याच रात्री भाऊ मोबाइलवरून काहीतरी बोलला आणि ती मोरीत जाऊन आतून कडी लावून बसली. आम्ही दोघे बाहेर उभे. आतून नळाचा आवाज येत राहिला. वीस मिनिटांनी ती ओल्या तोंडाने बाहेर आली आणि म्हणाली, "थंड पाणी घेतलं चेहऱ्यावर. शिकवलंय." डीबीटीत हे कौशल्य म्हणूनच शिकवतात, थंड पाण्याने धडधड उतरते. राग आला की वुजू करावा, असे दादी आम्हाला लहानपणापासून सांगत आली आहे, त्यामुळे याचे श्रेय तिने त्याच रात्री स्वतःकडे घेतले.

आता घरून चालते, पण पूर्वीसारखे नाही. थेरपिस्टबाई एक आठवडा फोनच्या पडद्यावर आणि एक आठवडा समोर भेटतात. गटही पडद्यावरच भरतो, त्यामुळे शनिवारचा प्रश्न मिटला. महिन्यातून एकदा आम्हा दोघांचीही शिकवणी असते. 'त्यात रडण्यासारखं काय आहे' हे वाक्य आमच्या घरात बंद आहे. त्याऐवजी आधी 'तुला फार लागलं ते' म्हणायचे आणि मग गप्प बसायचे. मास्तराला गप्प बसायला शिकवणे अवघड गेले, असे आमच्यातल्या एकीचे मत आहे.

कुणी विचारले तर आम्ही सांगतो: जिवाला धोका असेल किंवा घरच पेटलेले असेल तर थोडे दिवस जरूर बाहेर ठेवा. पण दाखल करतानाच विचारा की सुटल्यानंतरच्या सोमवारी ही कुणाला भेटणार. याचे उत्तर नसेल तर ते केंद्र कितीही हिरवेगार असो, पैसे जपून ठेवा. आणि तिसरा रस्ताही आपल्याच देशात सापडलेला आहे. अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी 1950 च्या दशकात आवारात तंबू ठोकून रुग्णांच्या घरच्यांना सोबत ठेवून घेतले. वेल्लोरला 1957 पासून तेच चालत आले, घरचे माणूस रुग्णाबरोबरच राहते आणि सोबतच शिकते. आपल्या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांच्या गावांत, ठाणे, पुणे, नागपूर, रत्नागिरीत, असे तंबू व्यक्तिमत्त्व विकारांसाठी कुणी ठोकले तर आम्ही दोघे बिछाना घेऊन जाऊ. तोवर रात्रीबेरात्री कुणाशी बोलायचे असेल तर ऑक्टोबर 2022 पासून सुरू असलेला सरकारचा टेलिमानसचा 14416 हा नंबर आहे. तो फुकट आहे आणि मराठीत बोलतात. मोहल्ल्यातल्या मशिदीच्या फळ्यावर आम्ही तो लिहून आलो. इमामसाहेबांनी अजून पुसलेला नाही.

अमेरिकेत मॅक्लीन हॉस्पिटलमध्ये दाखल झालेल्या 290 बॉर्डरलाइन रुग्णांचा वर्षानुवर्षे माग ठेवला गेला. दहा वर्षांत त्यांतल्या 93 टक्के लोकांची लक्षणे निदान दोन वर्षे तरी मावळली होती; मात्र नोकरी आणि नाती यांसह पुरते सावरलेले निम्मेच होते. आमची मुलगी सध्या कुठे बसते ते सांगणे घाईचे होईल. ती एका बालवाडीत शिकवते. गेल्या हिवाळ्यात दोन वाईट रात्री आल्या, दोन्हींत तिने आधी फोन केला. एक स्थळ आले होते. मुलाकडच्यांना आजार सांगायचा की नाही यावर मामू आणि आमच्यात पुन्हा बिनसले आहे. तिचे म्हणणे, सांगायचे, आणि तीच सांगणार. थेरपी आता पंधरा दिवसांवर आणायची का, हे तिचे आणि बाईंचे चालले आहे. त्यात आम्हाला अजून कुणी विचारलेले नाही.